फायब्रोमायल्जियात ‘जीवनाचा दर्जा’ मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीला दोन वर्षांपासून फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखणं आणि थकवा राहणारा आजार) आहे, रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे सगळं नॉर्मल, आणि आता डॉक्टरांनी ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ मोजायची म्हणून हातात एक प्रश्नावली ठेवलीय. दुखणं असं आकड्यांत मोजता येतं का, आणि मोजून उपयोग काय?

मी डॉक्टर नाही. सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसते आणि या दुखण्याचं माझं हे नववं वर्ष. एवढ्या काळात ही प्रश्नावली सात-आठ वेळा भरून झाली. पहिल्यांदा भरली ती साफ चुकीची, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ओपीडीच्या बाकावर बसून भराभर आकड्यांना गोल करत होते. ‘घरी स्वयंपाक करणे’ असं आलं, तिथे ० ला गोल केला. ० म्हणजे काहीच अवघड नाही, १० म्हणजे फारच अवघड. स्वयंपाक तर मी रोजच करते, मग ० च ना? निवासी डॉक्टर मुलगी होती, तिने कागद बघितला आणि विचारलं, “काकू, कणीक कोण मळतं?” म्हटलं, फूड प्रोसेसर. “पोळ्या?” म्हटलं, ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलंय, चार लाटल्या की हात थांबवते. “आणि जेवणं झाल्यावर?” म्हटलं, पाऊण तास आडवी पडते. ती म्हणाली, “जमतं का, असं नाही विचारलेलं काकू. किती जड जातं, ते विचारलंय.”

मग तिने पहिला भाग पुन्हा भरायला लावला. त्यात नऊ कामं असतात: केस विंचरणं, सलग २० मिनिटं चालणं, स्वयंपाक, केर-फरशी, सामानाची भरलेली पिशवी उचलून नेणं, एक जिना चढणं, पलंगावरची चादर बदलणं, ४५ मिनिटं खुर्चीत बसणं, वाणसामान आणायला जाणं. माझी पहिली बेरीज ३५ होती, दुसरी ६३ झाली. दुखणं तेच, बाई तीच, मध्ये फक्त दहा मिनिटं गेलेली. आपल्याकडच्या बायका इथेच फसतात. ‘करावंच लागतं’ आणि ‘सोपं जातं’ यांतला फरकच आपण विसरून गेलेल्या असतो.

तुम्हाला मिळालेला कागद २१ प्रश्नांचा आणि ‘गेल्या सात दिवसांत’ असं विचारणारा असेल तर तो बहुतेक एफआयक्यूआर, म्हणजे सुधारित फायब्रोमायल्जिया इम्पॅक्ट क्वेश्चनेअर. त्याची मूळ आवृत्ती अमेरिकेत ओरेगनमध्ये कॅरोल बर्कहार्ट, शॅरन क्लार्क आणि रॉबर्ट बेनेट यांनी तयार केली, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात गाडी चालवणं, अंगणातली कामं, वॉशर-ड्रायरमध्ये कपडे धुणं असं सगळं होतं. २००९ मध्ये ती सुधारली तेव्हा त्यातलं बरंच काढलं आणि स्मरणशक्ती, तोल जाणं, नुसता हात लागला तरी दुखणं, मोठा आवाज-प्रखर उजेड-उग्र वास-थंडी सहन न होणं, हे प्रश्न आत आले. फोडणीचा खाट उठला की माझं डोकं ठणकतं, हे मी तोवर कुणाला सांगितलंच नव्हतं. त्याचा आजाराशी संबंध असेल असं वाटलंच नव्हतं.

हिशेब सोपा आहे. पहिल्या भागाच्या नऊ प्रश्नांची बेरीज भागिले ३. दुसऱ्या भागात दोनच प्रश्न (आठवड्याभरात ठरवलेलं किती अडलं, आणि आजाराने किती पुरतं हतबल केलं), त्यांची बेरीज तशीच घ्यायची. तिसऱ्या भागात लक्षणांचे दहा प्रश्न, त्यांची बेरीज भागिले २. एकूण १०० पैकी, आणि आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. माझं त्या दिवशीचं: २१ अधिक १३ अधिक ३२, म्हणजे ६६. स्वयंपाकाला ० देऊन जो भरला होता तो साधारण ५७ वर थांबला असता. जुन्या प्रश्नावलीसाठी ३९ पर्यंत सौम्य, ५९ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र अशा रेघा आखलेल्या आहेत. म्हणजे माझ्या सोशिकपणाने मला एक पायरी खाली बसवलं होतं. आणि एक: जुन्या प्रश्नावलीवर झालेल्या अभ्यासात साधारण १४ टक्के फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याइतका खरा, असं निघालं. ६६ वरून मोजलं तर नऊएक गुण. दोन-तीन गुण खाली आले म्हणून पेढे वाटू नका, वर गेले म्हणून घाबरूही नका.

आता तुमचा खरा प्रश्न, उपयोग काय? वर्षभराने माझा आकडा ४९ झाला. पण त्यात दुखण्याचा जो एक प्रश्न असतो, तिथे ७ चे फक्त ६ झाले होते. पहिल्या भागात मात्र ६३ चे ४२ झाले होते, आणि बाकीचं जे उतरलं तेही दुखण्यापलीकडच्या प्रश्नांत. फिजिओथेरपिस्टने रोज आठ मिनिटं चालायला लावलं होतं आणि दर आठवड्याला एक मिनिट वाढवायचं, हौस आली तरी जास्त नाही. बँकेत चाळीस मिनिटांनी उठून उभं राहायची मुभा मिळाली होती. दुखत होतंच, पण दिवस हातात येत होता. नुसतं “दुखणं किती?” एवढंच विचारत राहिले असते तर मी म्हणाले असते की काही फरक नाही, आणि चालणं सोडून दिलं असतं.

वेगळ्या प्रश्नावल्याही मिळतील. ३६ प्रश्नांची एसएफ-३६ सहसा गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारते. तिच्यात उलटं आहे, मोठा आकडा म्हणजे तब्येत चांगली, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नका. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ पैसा, घर, प्रवासाची सोय, मित्रांचा आधार इथपर्यंत जाते. तिच्यात लैंगिक जीवनाबद्दल समाधानी आहात का, असाही एक प्रश्न आहे. माझे यजमान शेजारी बसलेले. मी मुकाट्याने मधला पर्याय निवडला! म्हणून सांगते, वहिनींना कागद एकटीने भरू द्या. शरीराच्या चित्रावर दुखऱ्या जागा दाखवायला लावतात तो कागद मात्र निदानासाठी असतो, जीवनाच्या दर्जाशी त्याचा थेट संबंध नाही.

एफआयक्यूआरबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली, तो परदेशी घरासाठी बेतलेला आहे. उकिडवं बसणं त्यात नाही, जमिनीवरून उठणं नाही. संधिवातासाठी वापरतात त्या हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअरचं भारतीय रूप २००२ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात मांडी घालून बसणं, रिक्षात चढणं-उतरणं, भाजीबाजार हे सगळं आहे. तसं आपल्या आजारासाठीही हवं. दुसरी तक्रार मोठी. काम करताना किती जड गेलं ते विचारतात. त्या कामाने दुसरा दिवस खाल्ला का, हे कुणी विचारत नाही. हळदीकुंकवाला मी चार तास हसतमुख उभी होते, त्याची किंमत पुढचे दोन दिवस अंथरुणात मोजली. हे मी कागदाच्या मागे पेनाने लिहून देते. डॉक्टर वाचतात.

भरण्याआधीचा आठवडा कॅलेंडरवर रोज एक आकडा टाकून ठेवायला सांगा, कारण या आजारात आठवणीचा भरवसा नाही. शक्यतो दर वेळी दिवसाच्या त्याच वेळी भरावं. माझी सकाळ आणि संध्याकाळ ही दोन वेगळ्या बायकांची असते. दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यातला आकडा श्रावणातल्या आकड्याशी लावू नये. एखादं काम सात दिवसांत केलंच नसेल तर रिकामं सोडायचं नाही, शेवटचं केलं तेव्हा किती जड गेलं ते लिहायचं. करताच येत नसेल तर सरळ १०. झोपेच्या प्रश्नात तास मोजू नका. उठताना ताजंतवानं वाटलं की रात्रभर पोती उचलल्यासारखं, एवढंच त्यात विचारलंय.

आणि जमलं तर तुम्हीही एक कोरी प्रत घ्या. तिला काय वाटत असेल, याचा तुमचा अंदाज त्यात भरा, तिचं न बघता. डॉक्टरांना देऊ नका, तो तुमच्या दोघांसाठी. आमच्या ह्यांनी भरली होती. बऱ्याच ठिकाणी माझ्या जवळपास आले, जिन्याला तर माझ्यापेक्षा जास्त दिले. केस विंचरण्याला मात्र त्यांनी ० लिहिलं होतं, माझे ६ होते. मी वेणी घालायची सोडून क्लिप लावायला लागले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांना वाटलं होतं, फॅशन आहे.