नाव मागनं येऊ दे, तू मॅटवर जा

पोरा,

रात्रीचा तुझा मेसेज दोनदा वाचला. स्टेटला सिल्व्हर आलं तरी गावात कुणी विचारलं नाही, आणि तुझ्याच तालमीतला तो रील टाकणारा मैदानात दिसला की लोक फोटोला धावतात, म्हणून कुस्ती सोडू का म्हणतोस. राग आला मला. झोप पण नाही लागली.

आर्मेन म्कर्तचियान हे नाव ऐकलंयस? नसशीलच. आर्मेनियाचा फ्रीस्टाइलवाला, 48 किलो. 1996 ला अटलांटाला आर्मेनिया स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदा उन्हाळी ऑलिम्पिकला उतरला, आणि त्याआधीची काही वर्षं तिथं काय हाल होते बघ, युद्ध, सीमा बंद, मेत्सामोरचा अणुप्रकल्प बंद, दिवसातनं एक-दोन तास लाइट, हिवाळ्यात लोक झाडं तोडून जाळत होते. त्या काळातनं हा फायनलला गेला. समोर उत्तर कोरियाचा किम इल, 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचा गोल्डवाला. हरला, सिल्व्हर. त्याच ऑलिम्पिकला ग्रीको-रोमनमध्ये, म्हणजे पायाला न धरता लढायच्या कुस्तीत, 52 किलोला दुसऱ्या आर्मेनचं, नाझारियानचं गोल्ड, स्वतंत्र देशाचं पहिलं. आता सांग, लोकांच्या तोंडी कुणाचं नाव राहणार?

वर 1997 पासनं 48 किलो वजनच बंद, सिनियरला तेव्हा सगळ्यात खालचं 54 झालं. सहा किलो, पोरा! हलक्या वजनात सहा किलो म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

पण 2024 च्या पॅरिसपर्यंतचा हिशोब काढ. ग्रीकोत त्यांची मेडल्स येत राहिली, फ्रीस्टाइलमध्ये स्वतंत्र आर्मेनियाचं ऑलिम्पिक मेडल एकच. म्कर्तचियानचं. कुणी टाळ्या वाजवो न वाजवो, ते तिथंच आहे. म्हणून म्हणतो, सकाळी मॅटवर जा.

मी नाही गेलो. चोविसाव्या वर्षी जत्रेची मैदानं मारत फिरलो, हलगी वाजायची, माईकवर नाव पुकारायचे, फेटा बांधायचे, छाती फुगायची. मॅटचा सराव दोन महिने बुडाला आणि ट्रायलला दुसऱ्या राउंडला दमच संपला, समोरच्यानं पट काढला तेव्हा पाय मागं घ्यायची ताकद नव्हती. घरात बहिणीचं लग्न होतं, इनामाचा पैसा रोख मिळायचा, मी काय ऐश करायला जात नव्हतो, माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण मैदान संपल्यावर पहाटे मॅटवर जाता आलं असतं. ते मी केलं नाही, आणि त्याला बहिणीचं लग्न कारण नव्हतं.

रील बघ, लाइक कर, माझं काही म्हणणं नाही. मॅटवर जा. सिल्व्हरचा व्हिडिओ असेल तर पाठव, डावा पाय पुढं ठेवतोस तिथंच तू सापडतोयस असं मला वाटतंय.

सोमवारी पाचला तालमीत ये. दुधाचं मी बोललोय, खुराकाची काळजी करू नको.