पुस्तक बदलायला ये

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा देवघेवीच्या टेबलाशी उभी राहून तू ती जाडजूड कादंबरी पुढे केलीस आणि म्हणालीस, "मावशी, अजून पंधरा दिवस वाढवून द्या ना." ही तिसरी खेप. मागे चार माणसं ताटकळत होती म्हणून मी मुकाट्याने शिक्का मारून दिला. जाता जाता मागे वळून विचारलंस, "पुस्तक अर्धवट सोडलं तर चालतं का हो?" आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरून गेलीस. ते उत्तर आज निवांत लिहायला बसले आहे.

खरं तर तू विचारायच्या आधीच पुस्तकाने मला सगळं सांगितलं होतं. पुस्तक मिटून कडेने बघावं. वाचून झालेल्या पानांची कड बोटांच्या घामाने, धुळीने किंचित मळते, पुढची पानं पांढरी राहतात आणि दोहोंच्या मधे एक रेघ दिसते. ती प्रत कोरी होती, तूच तिची पहिली वाचक, त्यामुळे रेघ अगदी स्पष्ट. तुझी खूण घातलेली होती तिथेच, पान १४३ ला. गेल्या खेपेला मुदत वाढवायला आलीस तेव्हाही ती तिथेच होती. म्हणजे इतक्या दिवसांत तू पुढे सरकलेली नाहीस, आणि दुसरं पुस्तकही नेलेलं नाहीस. मला काळजी वाटली ती या दुसऱ्या गोष्टीची.

ही रेघ बघायला माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी मला शिकवलं. मी तेव्हा बावीस वर्षांची, नुकतीच कामाला लागलेली. एक भली मोठी ऐतिहासिक कादंबरी घरी नेली होती. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी ती वाचलेली, आणि वाचनालयात काम करणाऱ्या मुलीने वाचलेली नसावी हे मला बरं दिसेना. रोज रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरला की उघडायची, दीड पान व्हायचं, डोळे मिटायला लागायचे. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचं काही आठवायचं नाही, म्हणून पुन्हा तेच दीड पान. श्रावणात नेलेली कादंबरी माघ उजाडला तरी उशाशी होती. दिवसभर कपाटांच्या मधे वावरून त्या सहा महिन्यांत मी दुसरं एकही पुस्तक उघडलं नाही, कारण मनात एकच, आधी हे संपू दे. पुढे पुढे तर मी रात्री लवकर झोपायला लागले. वाचायला नको म्हणून.

एक दिवस सरांना ती माझ्या पिशवीत दिसली. त्यांनी मागून घेतली, कडेने धरली, रेघेवरून अंगठा फिरवला आणि काही न विचारता जमा करून टाकली. बदल्यात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' हातात ठेवली. १९५५ सालची, अंगाने बारकी कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर जातो, एवढ्यावर सुरुवात. मी दोन रात्रींत संपवली. तिसऱ्या दिवशी सर यायच्या आधीच मी वाचनालयाच्या दाराशी उभी होते, आता पुढचं काय देता म्हणून.

आपल्याला अर्धवट सोडायची एवढी भीती का वाटते याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या घरांतून ग्रंथाची पहिली ओळख होते ती पोथीची. सात दिवसांचं पारायण धरलं की ते तडीस न्यायचं, मधे खंड पडू द्यायचा नाही. अंगात ताप असताना माझी आजी पोथीपुढे बसलेली मी पाहिली आहे, आणि तिच्या त्या निष्ठेपुढे आजही माझे हात जुळतात. पण पारायण हे व्रत आहे, त्याचा संकल्प सोडलेला असतो. कादंबरी उघडताना तू कुठला संकल्प सोडला होतास? दुसरी शिकवण जेवणाच्या पंगतीतली. पानात काही टाकायचं नाही. आपल्या भाषेत जेवायचंही पान आणि पुस्तकाचंही पान, म्हणून की काय, जेवणाचा नियम वाचनाला येऊन चिकटला. पानात टाकलेलं अन्न वाया जातं हे खरं. पुस्तक परत केलं तर त्यातलं अक्षरसुद्धा वाया जात नाही, ते दुसऱ्याच्या घरी जातं.

तुझ्या बाबतीत आणखी एक आहे. तू दिवसभर आपल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसतेस. तिथे पोर्शन पुरा करावाच लागतो. राज्यघटनेवरचं पुस्तक रुक्ष आहे म्हणून ठेवून दिलं तर गुण जातात. त्या पुस्तकांना या पत्रातलं काहीही लागू नाही, हे ठळकपणे सांगते. पण रात्री नऊनंतर तू स्वतःसाठी जे उघडतेस त्याला पोर्शन नसतो. दिवसाची शिस्त तू रात्रीच्या पुस्तकाला लावते आहेस, आणि त्यात ते पुस्तक आणि तू, दोघंही दमता आहात.

ग्रंथालयशास्त्राच्या कोर्सला आम्हाला एस. आर. रंगनाथन यांचे पाच नियम होते. हे मद्रासला गणित शिकवणारे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी हे नियम पुस्तकरूपाने मांडले. परीक्षेपुरते आम्ही ते घोकले. अर्थ उमगायला देवघेवीच्या टेबलावर वर्षं घालवावी लागली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, हा दुसरा नियम. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा तिसरा. वाचकाचा वेळ वाचवावा, हा चौथा. तिसऱ्यावर जरा थांब. जी कादंबरी तुझ्या टेबलावर पडून आहे तिची मागणी आपल्या वहीत दोघांनी नोंदवली आहे. त्यांतले एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, असली जाड पुस्तकं ते आठवड्यात फस्त करतात. तिचा वाचक कदाचित तेच असतील. आणि तुझं पुस्तक आमच्या कुठल्या तरी कपाटात तुझी वाट बघत असेल. आपले जुने वर्गणीदार काय म्हणतात ते ऐकलं आहेस ना? पुस्तक परत करायला आलो असं कुणी म्हणत नाही. 'पुस्तक बदलायला आलोय' म्हणतात.

आता, किती वाचून ठरवायचं? अमेरिकेतल्या सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी एक सोपा हिशेब सांगितला आहे. पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत. वयाची पन्नाशी उलटली की शंभरातून आपलं वय वजा करावं आणि उरतील तेवढीच पानं द्यावीत. मी चौसष्टची, म्हणजे माझ्या वाट्याला छत्तीस. तुला पन्नास. तू १४३ दिली आहेस, तेव्हा त्या लेखकाचं तू काही देणं लागत नाहीस.

तरी हा हिशेब डोळे मिटून वापरू नकोस. कथासंग्रहाला पन्नास पानं म्हणजे काय? जी. ए. कुलकर्णींची एक कथा रुचली नाही तर संग्रह मिटायचा नसतो, पुढची काढून बघायची. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या माणसांवर वेगवेगळे लेख आहेत; गांधारीपाशी मन लागेना तर कर्णापासून सुरुवात कर, काही बिघडत नाही. अनुवाद असेल तर आधी अनुवादकाचं नाव बघ. पुष्कळदा कंटाळा मूळ लेखकाचा नसतो, ओबडधोबड मराठीचा असतो, आणि त्याच पुस्तकाचा दुसरा, चांगला अनुवाद वरच्या फळीवर असतो. मला विचारत जा.

बोलीतल्या पुस्तकांचं तर वेगळंच. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० सालची, वऱ्हाडीतली. आपल्या भागातला वाचक पहिल्या वीस पानांत ठेचकाळतो आणि मला येऊन सांगतो की रस वाटत नाही. रस कुठून वाटणार, कान त्या बोलीला सरावलेला नसतो. अशा वाचकाला मी सांगते, दार लावून घ्या आणि दहा पानं मोठ्याने वाचा. तोंडातून शब्द गेले की वऱ्हाडी आपोआप कळायला लागते, आणि मग नायिका कौतिकचे हाल असे समोर येतात की पुस्तक खाली ठेववत नाही. माझ्यावर विश्वास ठेवून दहा पानं मोठ्याने वाचलेला एकही माणूस अजून 'धग' अर्धी परत घेऊन आलेला नाही.

म्हणून सोडण्याच्या आधी स्वतःला एक विचारायचं, अडलंय कुठे? मला हे उशिरा कळलं, आणि ते भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'ने शिकवलं. १९६३ ची कादंबरी. मी विसाव्या वर्षी घेतली आणि चाळीस-पन्नास पानांत ठेवून दिली. गोष्ट कुठे आहे हेच कळेना. दर वाक्याला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे', हा नायक सांगवीकर बोलतोय काय आणि कशासाठी, मला नुसता राग राग आला. पुढे सात वर्षांनी वाचनालयाने मला कोर्ससाठी पुण्याला धाडलं. एका वाड्यात तिघींत एक खोली, खानावळीचा डबा, गावाकडून आलेली पत्रं, आणि शहरात कुणाशी काय बोलावं हे न कळणारी मी. खोलीतल्या मुलीच्या ट्रंकेवर 'कोसला' पडली होती, सहज उचलली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या त्या मुलाचा एकेक शब्द मला आता कळत होता. 'वगैरे' म्हणताना तो काय गिळतोय हेही कळत होतं. मग त्याच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण आलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले नाही.

विसाव्या वर्षी मी ती नेटाने संपवली असती तर? वाचलेल्या पुस्तकांत एक नाव वाढलं असतं आणि पुण्याच्या खोलीत मी तिला हात लावला नसता. तेव्हा सोडली म्हणून ती माझ्यासाठी शिल्लक राहिली. उलटही सांगते, नाही तर तुझी फसगत होईल. मी सोडलेल्या बहुतेक पुस्तकांकडे पुन्हा कधी वळले नाही आणि त्याची मला खंत नाही. काही पुस्तकं पोकळ असतात. पाठीवर कितीही स्तुती छापलेली असो.

दोन्हींतला फरक ओळखायला मी एक साधी गोष्ट करते. माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात फक्त अर्धवट सोडलेली पुस्तकं. नाव, तारीख, पान आणि एक वाक्य. का सोडलं याचं. वाक्य खरं असलं पाहिजे एवढीच अट. आत्ता उघडून बघते आहे. 'पान ८४. माणसं फार, कोण कुणाचं ते कळेना, पानावर वंशावळ असती तर बरं.' 'पान २१२. लेखक मला दर पानावर शहाणं करायला बघतो.' 'पान ३१. पुस्तक चांगलं आहे. आई दवाखान्यात, माझं चित्त नाही.' हे तिसरं मी आई घरी आल्यावर पहिल्यापासून वाचलं आणि फार आवडलं. दुसरं पुन्हा हातात धरणार नाही. पहिल्यासाठी कागदावर नावं लिहून घेऊन बसले आणि ते पार झालं. वाक्य लिहिताना पेन अडखळलं, काय लिहावं ते सुचेना, तर समजायचं की अजून दहा पानं वाचायला हवीत.

एका प्रकारच्या पुस्तकाशी मात्र घाई नको. जे वाचताना कंटाळा येत नाही, पण छातीत काही तरी दुखतं, आपल्या घरातलं, आपल्या जातीतलं, आपण कधी कुणाशी वागलो ते डोळ्यांपुढे येतं, आणि म्हणून पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. दलित आत्मकथनं वाचताना माझं असं अनेकदा झालं. अशा वेळी मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवते, पण वहीत लिहीत नाही आणि जमा करत नाही. थोडं थोडं वाचून शेवटापर्यंत जाते. तिथे सुखाने वाचणं हे माझं मागणंच नसतं.

तुझ्या कादंबरीबद्दल मी मुद्दाम काही सांगितलेलं नाही, ती चांगली की वाईट. मी ती वाचलेली आहे, माझं मत आहे, आणि ते मी तू ठरवल्यावर सांगेन. शनिवारी मी दुपारी चारपासून टेबलावर असेन, पोस्टमास्तरही त्याच सुमाराला येतात. या पत्राबरोबर एक कोरी वही देते आहे, शंभर पानी, साधी. वर तुझं नाव मी घातलेलं नाही, तू घाल. पहिल्या ओळीवर तारीख लिही, पुस्तकाचं नाव लिही, पान १४३ लिही. पुढचं वाक्य लिहिता आलं तर पुस्तक घेऊन ये. नाही आलं, तर चौथ्या खेपेचा शिक्का मी आनंदाने मारीन.

तुझी,
वाचनालयातली मावशी