खचलेले हाड आणि सिरिंजमधून भरायचे मिश्रण

आपण लिहिले आहे की, अक्कलकोट रस्त्यावर दुचाकी घसरून वडिलांच्या गुडघ्याखालच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग खचला आहे. डॉक्टरांनी प्लेट बसवून आतली पोकळी इंजेक्शनने भरायच्या मिश्रणाने बुजवण्याचे सुचवले आहे, तर घरच्यांना कमरेचे हाड काढून भरणे अधिक खात्रीचे वाटते. सोलापुरात अस्थिशस्त्रक्रियेच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी २२ वर्षे तंत्रज्ञ आहे आणि हे मिश्रण कालवण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून सविस्तर लिहितो.

घरच्यांचे म्हणणे चुकीचे नाही. स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात आणि ते गुण कोणत्याही पावडरीत नाहीत. परंतु त्यासाठी कमरेवर दुसरी जखम करावी लागते, तिथले दुखणे कधीकधी पायापेक्षा जास्त काळ टिकते, आणि खचलेला पृष्ठभाग वर उचलल्यावर त्याखाली भरलेले भुसभुशीत हाड दाबाने पुन्हा बसू शकते. सिरिंजने भरायच्या मिश्रणांपैकी कॅल्शियम फॉस्फेटचे, म्हणजे हाडातल्या खनिजाच्याच जातीच्या क्षाराचे, मिश्रण घट्ट झाल्यावर हा दाब चांगला पेलते. मात्र वाकण्याचा आणि पिळण्याचा ताण त्याला सोसत नाही. म्हणून हे मिश्रण प्लेटऐवजी नसते, प्लेटच्या जोडीला असते, हे घरात सर्वांना नीट सांगावे.

अशा मिश्रणाला ‘सिमेंट’ही म्हणतात आणि तो शब्द ऐकून गैरसमज होतो. कृत्रिम सांधा बसवताना वापरतात ते ॲक्रिलिक सिमेंट घट्ट होताना बरेच तापते आणि शरीरात विरघळत नाही. आपल्याला सुचवलेले मिश्रण बहुधा कॅल्शियमच्या क्षारांचे असेल. त्यातले कॅल्शियम सल्फेट म्हणजे आपल्या ओळखीचे प्लास्टर ऑफ पॅरिस. जर्मन शल्यचिकित्सक ड्रेसमन यांनी १८९२ मध्येच ते हाडातल्या पोकळीत भरले होते. त्याची अडचण अशी की ते काही आठवड्यांतच विरघळू लागते आणि कधीकधी नवे हाड तयार होण्याआधीच जागा मोकळी होते. म्हणून एका प्रकारात ६० टक्के सल्फेटसोबत ४० टक्के हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचाच सावकाश विरघळणारा प्रकार, घालतात. सल्फेट विरघळून वाट करून देते आणि ॲपेटाइटच्या आधाराने नवे हाड धरते. मूळ हाडही असे संमिश्रच आहे, वजनाने सुमारे दोन तृतीयांश खनिज आणि उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन.

या मिश्रणाची खरी परीक्षा सिरिंजमध्ये होते. नुसती पावडर आणि पाणी दाबले तर चक्क्यातून निथळावे तसे पाणी आधी बाहेर पडते आणि घट्ट गोळा आत अडकून राहतो. त्यावर उपाय म्हणून काही मिश्रणांत अल्जिनेट किंवा हायलुरोनिक आम्लासारखे चिकट पदार्थ मिसळतात. ज्वारीच्या पिठाला गरम पाण्याने चिकटपणा आणला नाही तर भाकरी थापताना चिरते, इथेही तसेच आहे. शिवाय उष्णतेने मिश्रण लवकर घट्ट होते. एका मे महिन्यात वातानुकूलन बंद पडल्यावर माझ्या हातात, सुई लावण्याआधीच सिरिंज कडक झाली होती. तेव्हापासून पावडर आणि द्रव दोन्ही आधी थंड खोलीत ठेवल्याशिवाय मी पाकीट उघडत नाही. पोकळीत रक्त साचलेले असेल तरी मिश्रण वाहून जाते, म्हणून भरण्याआधी जागा कोरडी करण्यासाठी डॉक्टर वेळ घेतात.

डॉक्टरांना एवढे विचारावे: मिश्रण सल्फेटचे, फॉस्फेटचे की दोन्हींचे? किती दिवसांनी वजन टाकता येईल? जखमेत जंतुसंसर्गाची शंका असल्यास प्रतिजैविक मिसळलेला प्रकार लागेल का? पाकिटावरचा स्टिकर फाइलमध्ये लावून घ्यावा. सल्फेट असेल तर जखमेतून पाण्यासारखा स्राव येऊ शकतो. तो प्रत्येक वेळी पू नसतो, पण घरी अंदाज न बांधता दाखवावा. फॉस्फेटची पांढरी सावली एक्स-रेमध्ये अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे दिसते, त्याने घाबरू नये. वडील यंत्रमागावर काम करतात असे आपण लिहिले आहे, त्यामुळे मला तंबाखूचे विचारावेसे वाटते. खात असतील तर ती आजच बंद करावी. निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर लागतो आणि ते नुकसान कोणत्याही मिश्रणाने भरून निघत नाही.