कबूस एका दिव्याने गेला नाही

तुमचा प्रश्न असा, की जुन्या अमेरिकन मालगाड्यांच्या शेवटी असायचा तो लाल डबा, कबूस, गेला कुठे; आणि त्याच्या जागी लावलेला एक लुकलुकणारा दिवा माणसांचं काम कसं करतो? खरं तर दिवा सगळ्यात शेवटी आला. डब्यातली कामं त्याआधीच एकेक करून गेली होती.

पूर्वी कबूसमध्ये बसणारे ब्रेकमन चालत्या गाडीच्या टपांवरून धावत प्रत्येक डब्याचं ब्रेकचं चाक हाताने आवळायचे. वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक आला, १८९३च्या कायद्याने सक्तीचा झाला आणि ते जीवघेणं काम सुटलं. गाडी मधेच थांबली की मागून येणारी गाडी थांबवायला लाल कंदील घेऊन मागे चालत जाणं स्वयंचलित सिग्नलांनी कमी केलं.

राहिली नजर. कबूसच्या टपावरच्या खिडक्यांच्या खोपटात बसून वळणावर अख्खी गाडी न्याहाळायची, ती मुख्यतः धुरासाठी. आसाच्या टोकाच्या पेटीत तेलात भिजलेला धाग्यांचा बोळा भरलेला असे. वंगण कमी पडलं की बेअरिंग तापे, बोळा जळे, आणि दुर्लक्ष झालं तर आस तुटून गाडी घसरे. जळक्या तेलाचा वास मागे बसलेल्याला आधी यायचा. रोलर बेअरिंग आले, रुळांशेजारी तापमान टिपणारी यंत्रं बसली, आणि या नजरेचीही निकड संपत आली.

बसणाऱ्यांचे हालही काही कमी नव्हते. दोन डबे जोडणाऱ्या प्रत्येक कपलिंगमध्ये थोडी ढिलाई असते. शंभर डब्यांची मिळून ती सगळी शेवटच्या डब्यावर हिसका बनून आदळते. म्हणून शेगडी जमिनीला बोल्टने आवळलेली आणि कॉफीचं भांडं घसरू नये म्हणून तिच्या कडेला कठडा. माणसं जखमी व्हायची ती बहुतेक या हिसक्यांमुळे.

१९८२ साली कामगार संघटनेशी करार झाला आणि कबूस काढायला कंपन्यांना वाट मोकळी झाली. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट या रेल्वे कंपनीने ते आधीच केलं होतं. कबूसच्या जागी आलेली, लुकलुकणाऱ्या दिव्याची नवी पेटी शेवटच्या कपलिंगला अडकवतात, ब्रेकच्या पाइपला जोडतात; ती मागचा हवेचा दाब रेडिओने इंजिनात कळवते. पण नुसतं कळवून भागत नाही. १९९६ साली कॅलिफोर्नियात कहोन पासच्या उतारावर एक मालगाडी आवरता आली नाही, दोघे दगावले. त्यानंतर इंजिनातून मागचा ब्रेकही लावता येईल अशी दुहेरी पेटी सक्तीची करण्यात आली. माझ्या मते ही पेटी कबूसच्या खऱ्या तोडीची झाली ती तेव्हा.

आपल्याकडे गार्डचा डबा अजून दिसतो. २०२२पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. ईओटीटी (एंड ऑफ ट्रेन टेलिमेट्री) नावाने तशीच पेटी इथेही आली आहे.

अमेरिकेत थोडे कबूस अजून राबतात. मैलभर गाडी मागे ढकलायची तर पुढचा रस्ता बघायला कुणीतरी टोकाला उभं राहावं लागतं. त्या डब्यांच्या खिडक्या पत्र्याने बंद केलेल्या असतात आणि माणूस बाहेरच्या ओट्यावर उभा असतो.