आधी आवाज, मग अर्ज

पोरी,

तुझ्या २२ मिनिटांच्या फिल्मची लिंक पाहिली. विचारतेस, कुठल्या महोत्सवाला पाठवू: कान, रॉटरडॅम की तिरुवनंतपुरम? कानच्या लघुपट स्पर्धेत श्रेयनामावली धरून १५ मिनिटांच्या वर चालत नाही, आणि तेवढ्यासाठी सात मिनिटं कापायची नाहीत. बाकी सगळ्याचं उत्तर एकच: आधी आवाज पूर्ण कर.

स्वयंपाकघरातला प्रसंग घे. आई बोलते तेव्हा मागे फ्रिजची घरघर आहे; मुलीवर कट होताच ती गायब. निवड करणारा बहुतेकदा हेडफोन लावून लॅपटॉपवर बघतो. तिथून पुढे तो गोष्ट सोडून जोड मोजतो. रंग जरा कच्चा खपतो, आवाज खपत नाही. त्याच खोलीत परत जा, सगळ्यांना गप्प बसव, फ्रिज चालू ठेवून एक मिनिट आणि बंद करून एक मिनिट रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा नुसता आवाज, घे आणि जोडांखाली पसर. तरीही शब्द कळले नाहीत तर तेवढ्याच ओळी डब कर. संगीत वाढवून झाकू नकोस, झाकलेलं जास्त कळतं.

तू शूट केलंयस सेकंदाला २५ फ्रेमवर. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालवायची डिजिटल प्रत, २४चा मागितला आणि कुणी नुसतं चित्र २४वर चालवलं, तर फिल्म ५५ सेकंदांनी लांबते. आवाज तेवढाच ताणला नाही, तर शेवटाला ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. म्हणून फ्रेमरेट आवाजाच्या मिक्सिंगच्या आधी ठरव. डीसीपी थिएटरात शेवटपर्यंत बघ. ही घसरण पहिल्या दोन मिनिटांतच जवळजवळ पाच सेकंदांची होते.

"पण मुदत शुक्रवारी संपतेय!" संपू दे गं. मुदत पुढच्या वर्षी परत येते. एकदा नाकारलेली फिल्म तोच महोत्सव सहसा पुन्हा घेत नाही. कच्चा कट दाखवायला गोव्याच्या फिल्म बाजारात वर्क-इन-प्रोग्रेस लॅब आहे, पण ती पूर्ण लांबीच्या चित्रपटांसाठी. ते पुढचं पुढे.

आणि दरमहा बक्षिसं वाटणाऱ्या ऑनलाइन महोत्सवांचे लॉरेल, ती निवडीची पानांची चिन्हं, पोस्टरवरून काढ. त्यांना भरलेली फी मिक्सिंगला लागली असती.

तुला वाटेल, हा माणूस आवाजातच अडकलाय. अडकलोय. घाईने पाठवलेल्या चांगल्या फिल्म परत आलेल्या बघितल्या की माणूस असाच होतो.

रूम टोन पहाटे घे. शेवटच्या शॉटमध्ये तुमच्या गल्लीतला पाण्याचा टँकर ऐकू येतोय.