अन्नदान करतोय, पण भूक कायमची संपावी म्हणून सरकारकडे नेमकं काय मागायचं?

तुमचा गट दर रविवारी जेवण वाटतो, ते चालू ठेवा. पण धोरण बदलायचं असं तुम्ही म्हणताय, तर आधी एक सरकारी शब्द पाठ करा: इष्टांक.

वस्तीतल्या बायांबरोबर मी बरीच वर्षं रेशनकार्डाचं काम पाहणाऱ्या सरकारी पुरवठा शाखेत खेपा घालतोय. सुनेचं, नातवाचं नाव धान्यासाठी चढवायचं म्हटलं की खिडकीतून उत्तर येतं, "इष्टांक संपलाय." म्हणजे किती माणसांना रेशन द्यायचं तो वरून ठरलेला आकडा भरला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के आणि शहरातले ४५.३४ टक्के लोक आले, मिळून साधारण ७ कोटी. पण हा ७ कोटींचा आकडा २०११ च्या जनगणनेवर काढलेला. त्यानंतर पोरं जन्मली, सुना आल्या, गावंच्या गावं पोटासाठी शहरात आली. आकडा मात्र तिथेच. कुणी वारलं किंवा कुणाचं नाव कापलं गेलं, तरच दुसऱ्याचा नंबर. शेजारच्या म्हातारीच्या मरणावर आपल्या नातवाचं महिन्याचं ५ किलो धान्य अवलंबून!

त्यात उत्पन्नाची अट. प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे या कायद्याखाली माणशी धान्य मिळणाऱ्या घरासाठी, २०१३ साली ठरलेली मर्यादा शहरात वर्षाला ५९ हजार, गावात ४४ हजार. रोजाचे ३०० रुपये आणि वर्षातून २०० दिवस काम धरा, ६० हजार होतात. म्हणजे शहरातला एकटा कमावता बिगारी कागदावर श्रीमंत ठरला. मग दाखल्यावर उत्पन्न कमी दाखवावं लागतं, आणि वर खोटारडेपणाचा ठपका त्याच्याच माथी.

तमिळनाडूने हा घोळच ठेवला नाही. केंद्राच्या यादीत नसलेल्यांनाही ते राज्याच्या पैशातून तांदूळ देतात. आपल्याकडे एवढं लगेच होईल असं मला वाटत नाही. पण जनगणनेची वाट न पाहता आजच्या अंदाजित लोकसंख्येवर इष्टांक वाढवा आणि उत्पन्नमर्यादा मजुरीशी जोडा, या दोन मागण्या अगदी रास्त आहेत. डाळ-तेलाची मागणी तिसरी. नुसत्या गहू-तांदळावर पोर बाळसं धरत नाही.

मागून मिळतं का? २००१ साली गोदामं भरलेली असताना राजस्थानात लोक उपाशी होते, म्हणून 'पीयूसीएल' ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने शाळांत शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. तोवर आपल्याकडे मुलांना घरी न्यायला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. शाळेतली खिचडी त्या आदेशानंतरची.

तुम्ही सुरुवात यादीपासून करा. जेवायला येणाऱ्यांना विचारा: कार्ड आहे का, त्यावर धान्य मिळतं का, कुणाचं नाव राहिलंय, रेशन दुकानातल्या मशीनवर कुणाचा अंगठा उमटत नाही. पन्नास नावं झाली की आमदारांकडे जा आणि अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकायला सांगा. तोंडी गाऱ्हाण्याला आमदार चहा पाजतात, यादी दिली की स्वीय सहायकाला हाक मारतात.

आणि "इष्टांक संपलाय" हे कुणी कागदावर लिहून देत नाही, नेहमी तोंडीच सांगतात. म्हणून प्रत्येकाचा अर्ज दोन प्रतींत न्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का सापडत नाही म्हणाले, तर सही आणि तारीख तरी घ्याच.