खानदानात अर्जेंटिना शोधायचा तर आईकडून शोधा

प्रश्न : मी रेसला फक्त सीझनमध्ये जातो, पण हल्ली पेडिग्री वाचायचं वेड लागलंय. नेटवर एका घोड्याची वंशावळ बघितली तर खाली डोसेज म्हणून पाच आकडे होते, त्यात फोर्ली नावाचा एक अर्जेंटिनाचा घोडा होता. बाकी सगळे अमेरिका, इंग्लंड, फ्रान्सवाले. हा एकटा तिथे कसा पोचला? आणि साउथ अमेरिकेचे बाकीचे स्टॅलियन, म्हणजे वंश वाढवायला ठेवलेले घोडे, कुठे गेले?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रश्न पुण्याहून आला हे बरं झालं, कारण या डोसेजचं, म्हणजे वंशावळीवरून घोड्याचा वेग आणि दम आकड्यांत मोजायच्या पद्धतीचं, एक टोक तुमच्याच गावाशी जोडलेलं आहे. ही कल्पना मुळात व्हुइए नावाच्या एका फ्रेंच घोडदळातल्या अधिकाऱ्याची. त्याने मोठमोठ्या रेस जिंकणाऱ्या घोड्यांच्या बारा बारा पिढ्या मागे जाऊन वंशावळी चाळल्या, म्हणजे एकेका घोड्याचे बाराव्या पिढीत ४०९६ पूर्वज, आणि त्यात ठरावीक नावंच सारखी सारखी येतात हे दाखवलं. १५ घोडे आणि पोकाहोंटास नावाची एक घोडी. नंतर तिसऱ्या आगा खानांनी याच माणसाला आपल्या स्टडसाठी, म्हणजे घोडे पैदा करायच्या फार्मसाठी, सल्लागार म्हणून घेतलं, तेच आगा खान ज्यांनी १८९२ मध्ये येरवड्याचा पॅलेस बांधला.

पुढे इटलीच्या फ्रँको व्हारोला यांनी त्यात बदल केला. रक्त किती टक्के हे मोजण्यापेक्षा कुठला स्टॅलियन आपल्या पोरांना कसला स्वभाव देतो, नुसता वेग की लांब पळायचा दम, यावरून त्यांनी गट पाडले. आणि आज आपण जे पाच आकडे बघतो ते अमेरिकेच्या स्टीव्हन रोमन यांचं काम, १९८१ च्या सुमाराला डेली रेसिंग फॉर्म या तिकडच्या रेसिंगच्या पेपरमधून ते लोकांपर्यंत गेलं. गट पाच : ब्रिलियंट, इंटरमीजिएट, क्लासिक, सॉलिड, प्रोफेशनल. डावीकडून उजवीकडे जाल तसा वेग कमी आणि दम जास्त. या पाच गटांच्या यादीत ज्या स्टॅलियनचं नाव आहे त्याला शेफ-द-रास म्हणतात, आणि तुमच्या घोड्याच्या पहिल्या चार पिढ्यांत असा शेफ आला तर गुण मिळतात, बाप असेल तर १६, आजोबांच्या पिढीत ८, मग ४, मग २. पाचव्या पिढीत गेला की शून्य, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

आता फोर्ली. १९६३ मध्ये अर्जेंटिनाच्या ओहो दे आग्वा स्टडवर जन्मला, बाप अ‍ॅरिस्टोफेनिस, तो हायपेरियनचा मुलगा. १९६६ मध्ये त्याने तिकडची चारी मोठी रेस मारली, पोझा, जॉकी क्लब, नॅसिओनाल आणि कार्लोस पेलेग्रिनी, म्हणजे क्वाड्रुपल क्राउन. मग तो केंटकीच्या क्लेबॉर्न फार्मला गेला. यादीत तो क्लासिक गटात आहे. एकटा आहे असं मात्र नाही. कॉन्ग्रीव नावाचा १९२४ चा अर्जेंटिनी घोडा इंटरमीजिएटमध्ये आहे, फुल सेल आहे, तो जन्माने इंग्लिश पण त्याने काम केलं अर्जेंटिनात. कॉन्ग्रीवचा मुलगा कायाक सेकंड अमेरिकेत जाऊन १९३९ ची सांता अनिता हँडिकॅप जिंकला, आणि पुढच्याच वर्षी त्याच रेसमध्ये आपल्याच मालकाच्या सीबिस्किटच्या मागे दुसरा आला. पण कॉन्ग्रीव आता इतका मागे गेलाय की आजच्या घोड्याच्या चार पिढ्यांत तो सापडणारच नाही, म्हणजे यादीत नाव आहे आणि गुण कुणालाच नाहीत.

फोर्लीचंही तेच होत चाललंय, आणि इथे थोडं थांबून कागद पेन घ्या. फोर्लीचा सगळ्यात गाजलेला मुलगा फोरेगो, १९७४, ७५, ७६ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेचा हॉर्स ऑफ द इयर. पण तो गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला, त्याच्याकडून वंश पुढे जाणं शक्यच नव्हतं. मग फोर्ली टिकला कसा? पोरींकडून. त्याची एक मुलगी स्पेशल, स्वतः रेसर म्हणून काहीच नाही, पण तिचा मुलगा नुरेयेव, आणि तिची मुलगी फेअरी ब्रिज, आणि फेअरी ब्रिजचा मुलगा सॅडलर्स वेल्स. पुढची नावं रेसवाल्यांना सांगायला नकोत, गॅलिलियो, मग फ्रँकेल. आता गुण लावा. नुरेयेवला फोर्लीचे ८, कारण आईचाच बाप. सॅडलर्स वेल्सला ४. गॅलिलियोला २. आणि फ्रँकेलला या वाटेने भोपळा. रक्त तेच, पण कागदावरून अर्जेंटिना पुसला गेला. १९८४ ची केंटकी डर्बी जिंकलेला स्वेल, त्याची आई तुएर्ता, तीही फोर्लीचीच मुलगी, तेही कितीजणांना माहिती असतं.

सासरच्या नावाखाली माहेर झाकलं जातं ना, तसंच हे. आणि मला विचाराल तर साउथ अमेरिकन रक्ताचा अर्धा हिशोब याच एका कारणाने चुकतो. सिस्टीम खोटी नाहीये, तिला चार पिढ्यांची खिडकी आहे आणि त्या खिडकीत जे दिसतं तेवढंच ती मोजते.

प्रश्न : आमचे मामा जुने रेसवाले, ते म्हणतात साउथ अमेरिकेतले घोडे म्हणजे दुसऱ्या दर्जाचे, तिकडच्या ग्रुप वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या रेसला, काही अर्थ नाही. पण अमेरिकन फॅरोच्या वंशावळीत मला लॉर्ड अ‍ॅट वॉर दिसला, पुढे अर्जेंटिना लिहिलेलं. मामांना काय सांगू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मामांशी वाद घालताना आधी एक गोष्ट हळूच विचारा, आपली इंडियन डर्बी कुठे बसते ते. लिलावाच्या कॅटलॉगसाठी जगातल्या देशांचे भाग पाडलेत, त्यात अर्जेंटिना, ब्राझील, चिली, पेरू हे पार्ट वनमध्ये आहेत, अमेरिका इंग्लंडच्या रांगेत, आणि भारत पार्ट टूमध्ये. तेव्हा दर्जाचा विषय मामांनी जपून काढावा 🙂

लॉर्ड अ‍ॅट वॉरबद्दल मात्र तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत. १९८० चा, अर्जेंटिनात जन्मलेला, अमेरिकेत येऊन १९८५ ची सांता अनिता हँडिकॅप जिंकला. स्टॅलियन म्हणून पोरगे ठीकठाक, पण पोरी... त्याची मुलगी स्वीटेस्ट लेडी, तिचा मुलगा वॉर एम्ब्लेम, २००२ ची केंटकी डर्बी आणि प्रीकनेस. दुसरी मुलगी अ‍ॅस्कटनी, तिचा रेव्हन्स पास, २००८ चा ब्रीडर्स कप क्लासिक. तिसरी स्टार ऑफ गोशेन, तिचा पायोनियर ऑफ द नाइल, आणि त्याचा मुलगा अमेरिकन फॅरो, ज्याने २०१५ मध्ये ३७ वर्षांनी अमेरिकेच्या तीन मोठ्या रेसचा ट्रिपल क्राउन परत आणला. याला ब्रूडमेअर सायर म्हणतात, आपल्याकडे सरळ आईचा बाप.

असा घोडा शेफच्या यादीत असला काय नि नसला काय, इतका काय फरक पडतो, असं वाटेल तर एक हिशोब करून बघा. समजा एखाद्या घोड्याचे ब्रिलियंट ६, इंटरमीजिएट ४, क्लासिक ८, बाकी शून्य. डोसेज इंडेक्स काढायचा तर वेगाच्या बाजूला ब्रिलियंट, इंटरमीजिएट आणि क्लासिकचे निम्मे, म्हणजे १४, आणि दमाच्या बाजूला क्लासिकचे उरलेले निम्मे अधिक सॉलिड अधिक प्रोफेशनल, म्हणजे ४. भागाकार ३.५०. आता तिसऱ्या पिढीतल्या एका स्टॅलियनला कुणी क्लासिकमध्ये टाकलं तर ४ गुण वाढले, दोन इकडे दोन तिकडे, १६ भागिले ६, इंडेक्स आला २.६७. एक नाव, आणि वेगवाला वाटणारा घोडा अचानक लांब पल्ल्याचा दिसायला लागला. घोडा तोच आहे हो, त्याला काही कळलेलं पण नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, कँडी राइडचा मुलगा गन रनर, त्याचा फॅन. कँडी राइडला सगळे अर्जेंटिनाचा म्हणतात पण त्याच्या बापाची लाइन तर अमेरिकन आहे. मग हे साउथ अमेरिकन रक्त धरायचं का अमेरिकन?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही, आणि भांडायचं कारण नाही. कँडी राइड १९९९ चा, अर्जेंटिनात जन्मला, सहा रेस पळाला, सहाही जिंकला, शेवटची २००३ ची पॅसिफिक क्लासिक, डेल मारला, ट्रॅक रेकॉर्ड करून. बाप राइड द रेल्स, त्याचा क्रिप्टोक्लिअरन्स, त्याचा फापियानो, म्हणजे मिस्टर प्रॉस्पेक्टरचं घराणं. अमेरिकेत फारसं कुणी विचारलं नाही असा घोडा तिकडे गेला, तिकडच्या घोड्यांशी जुळवला, आणि पोरगं परत आलं ते चॅम्पियन होऊन. डोसेजमध्ये मात्र गन रनरला या रेषेतून फापियानोचे दोन गुण मिळतात कारण फापियानो चौथ्या पिढीतला शेफ. श्रेय अमेरिकेतल्या खापरपणजोबाला, आणि अर्जेंटिनात ज्या घोड्यांनी हे सगळं जुळवून आणलं त्यांचं काय?

तर ती बाजू आईची. कँडी गर्ल, तिचा बाप कँडी स्ट्राइप्स, आणि तिच्या आईचा बाप फार्नेसिओ. कँडी स्ट्राइप्स जन्माने अर्जेंटिनाचा नाही, ब्लशिंग ग्रूमचा मुलगा, युरोपात पळाला, पण नाव केलं ते अर्जेंटिनातल्या स्टडवर. त्याचाच मुलगा इन्व्हासोर, उरुग्वेत ट्रिपल क्राउन, २००६ चा ब्रीडर्स कप क्लासिक, २००७ चा दुबई वर्ल्ड कप. इन्व्हासोरची आई इंटरप्रेतेची मुलगी, आणि इंटरप्रेते फार्नेसिओचा. म्हणजे कँडी राइड आणि इन्व्हासोर दोघांच्या आईकडे फार्नेसिओ आणि दोघांकडे कँडी स्ट्राइप्स, हा नुसता योगायोग असेल असं मला तरी वाटत नाही. ब्राझीलमध्ये जन्मलेला लेरुआदेझानिमो पण कँडी स्ट्राइप्सचाच, आणि त्याचा मुलगा अ‍ॅनिमल किंगडम, २०११ ची केंटकी डर्बी, २०१३ चा दुबई वर्ल्ड कप. एवढं सगळं एका घोड्याच्या नावावर.

आणि सदर्न हॅलो राहिलाच. १९८३ चा, हॅलोचा मुलगा, आईकडून नॉर्दर्न डान्सर. अमेरिकेत रेसर म्हणून फार मोठा नव्हता, अर्जेंटिनाला गेला आणि तिथे वर्षानुवर्षं लीडिंग सायर राहिला. त्याचा मोर दॅन रेडी ऑस्ट्रेलियात जाऊन सेब्रिंग आणि फेलन रेडीचा बाप झाला, २००८ आणि २००९ चे लागोपाठ गोल्डन स्लिपर, ही तिथली मोठी रेस. म्हणजे हे रक्त अमेरिका, अर्जेंटिना, परत अमेरिका, मग ऑस्ट्रेलिया असं फिरत राहतं, त्याला एका देशाचा शिक्का मारायचा म्हटलं तर तुम्ही न्यू जर्सीवाले स्वतःलाच काय म्हणवता ते आधी ठरवा.

प्रश्न : रेसबुकमध्ये किंवा कॅटलॉगमध्ये साउथ अमेरिकन घोडा पटकन ओळखायची काही ट्रिक?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : नावापुढचं देशाचं अक्षर बघा, एआरजी, बीआरझेड, सीएचआय, यूआरयू, पीईआर. जुन्या अमेरिकन वंशावळीत ते नसतं, तिथे बाहेरून आणलेल्या घोड्याच्या नावाआधी चांदणी (*) लावायचे, आणि त्या नावाचा घोडा आधीच असेल तर नावापुढे रोमन दोन, कायाक सेकंड तसा, चिलीचा कूगर सेकंड तसा, ज्याचा मुलगा गातो देल सोल १९८२ ची केंटकी डर्बी जिंकला. पण हे अक्षर जन्म कुठे झाला ते सांगतं, स्टॅलियनने काम कुठे केलं ते नाही. सदर्न हॅलोपुढे यूएसएच असणार, त्यामुळे अक्षरावर जाऊन बसलात तर सगळ्यात मोठा मासा निसटेल. आणखी एक, तिकडचे घोडे जुलैनंतर जन्मतात आणि त्यांचा वाढदिवस १ जुलैला धरतात, त्यामुळे तीन वर्षांचा म्हणून लिहिलेला घोडा उत्तरेतल्या तीन वर्षांच्या घोड्यापेक्षा साधारण सहा महिने लहान असू शकतो. फॉर्म तोलताना हे धरा.

प्रश्न : ही शेफची यादी ठरवतं कोण? मतदान वगैरे असतं का?
— तोच पुण्याचा वाचक

उत्तर : मतदान नाही. रोमन यांनी पोरांच्या रेसचे निकाल आणि अंतरं बघून ठरवली, आणि तो डेटा मुख्यतः उत्तर अमेरिकेचा, त्यामुळे ज्याची पोरं अर्जेंटिनातल्या सान इसिद्रो नाहीतर पालेर्मोच्या रेसकोर्सवर पळतात तो तिथे दिसणार तरी कसा. आणि यादी नंतर बदलते हेही लक्षात ठेवा. १९९१ ला स्ट्राइक द गोल्ड केंटकी डर्बी जिंकला तेव्हा त्याचा इंडेक्स चारच्या पुढे होता, म्हणजे चारच्या पुढचा घोडा डर्बी जिंकत नाही या डोसेजवाल्यांच्या नियमाप्रमाणे त्याने जिंकायलाच नको होतं. मग त्याचा बाप अ‍ॅलिडार शेफ झाला आणि इंडेक्स खाली आला. काहींनी याला दुरुस्ती म्हटलं, काहींनी सोयीचं गणित. मी दुसऱ्या बाकावर बसतो, पण एक पाय पहिल्यावर आहे. तुमचा घोडा निवडताना यादी बघाच, फक्त ती बघून झाल्यावर आईच्या बापाचं, तिच्या आईच्या बापाचं आणि त्याच्याही पुढच्या आईच्या बापाचं नाव वहीत लिहून काढा, पाचव्या सहाव्या पिढीपर्यंत.